रागावलेलं तेल

चर्र झालं, आणि मोठ्या कष्टाने जमवून आणलेली दुपारची शांतता तिथल्या तिथे मोडली.

सून तेव्हा आतल्या खोलीत होती. पाऊण तास थोपटून, दोन गोष्टी सांगून आणि तिसरीच्या मध्यावर स्वतःच पेंगून तिने लेकीला कसंबसं झोपवलं होतं. लेक चार वर्षांची. घरात तिला सगळे बटण म्हणत, कारण एकदा चालू झाली की ती बंद व्हायचं नाव घेत नसे. सुनेने तिच्या मुठीतून आपली बाही एकेक बोट उचलत सोडवली आणि चवड्यांवर स्वयंपाकघर गाठलं.

दूध उतू गेलं होतं. नुसतं उतू नाही, तळाला कधीचंच लागलं होतं. करपल्याचा वास दारातच असा काही अंगावर आला की तिने नाकाला पदर लावला. आणि शेगडीपासून दोन हातांवर, शेगडीकडेच पाठ करून, सासरे गाडीचं माहितीपुस्तक वाचत निवांत बसले होते.

"बाबा! दूध!"

"हो, आत्ता आवाज आला मला," बाबा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

आवाज आला. सून गॅस बंद करता करता थबकली. आवाज आला म्हणाले. वास आला म्हणाले नाहीत.

आता हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर एक पातेलं घासून विषय संपला असता. पण बाबा म्हणजे साधेसुधे मिस्त्री नव्हेत. घराला लागून त्यांची पत्र्याची शेड, शेडमध्ये एक खड्डा, एक साखळीची कप्पी आणि तीस वर्षांचं नाव. आणि ते नाव होतं 'नाकवाले मिस्त्री'. गाडी फाटकातून आत वळतानाच ते ओरडत, "क्लच जळतोय रे तुझा!" एकदा एका गिऱ्हाइकाच्या गाडीत डोकं घालून म्हणाले, मागच्या सीटखाली केळं आहे, चार दिवसांचं. निघालं. गिऱ्हाईक म्हणालं तीन दिवसांचं, मग घरी विचारून आलं आणि मान्य केलं, चारच.

या नाकाचा तोरा इतका की शेडमधल्या एकाही तेलाच्या डब्यावर नाव नव्हतं. पिंपातून तेल काढायचं, एकसारख्या निळ्या डब्यांत भरायचं, झालं. मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, कितीदा डोकं आपटलं. बाबांचं उत्तर ठरलेलं: "डब्यावर नाव लिहिलं की माणूस नाक वापरायचं सोडतो."

तीन आठवड्यांपूर्वी बाबांना मोठा ताप आला. ताप गेला. जाताना काय घेऊन गेला ते आत्ता, या करपलेल्या पातेल्यासमोर, सुनेच्या लक्षात येत होतं. परवा बटणने अत्तराची बाटली आजोबांच्या उशीवर उपडी केली, तेव्हा "अरे वा, उशी धुतली वाटतं," असं ते म्हणाले होते. सगळे हसले होते. बाबा विनोद करताहेत, अशी सगळ्यांची समजूत!

आणि काल संध्याकाळी दूरच्या कामावरून नवऱ्याचा फोन आलेला. "बाबांनी आता बसावं गं. तो टायरवाला शेड मागतोय, देऊन टाकू."

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं तर हो म्हणतील का? डॉक्टरांची गाडी करतायत ना, ती होऊ दे. त्यात काही चुकलं तर मग माझं ऐकायचं सगळ्यांनी."

"आणि नाही चुकलं तर?"

"नाही चुकलं तर बघू."

म्हणजे शेड राहणार की जाणार, हे आता एका गाडीवर येऊन ठेपलं होतं. गाडी जनावरांच्या डॉक्टरांची. चारही चाकं ओढणारी पिकअप. डॉक्टरीणबाई उद्या पहाटे तिच्यातून लशींची खोकी घेऊन डोंगरावरच्या वाड्यांना निघणार होत्या. चढ असा की वर बघताना टोपी पडावी. गेल्या आठवड्यात त्यांनी गाडी ओढ्यातून काढली होती, चाकांच्या वरपर्यंत पाणी. म्हणून गिअरबॉक्सपासून पुढच्या-मागच्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी पेट्यांपर्यंत, सगळं तेल बदलायचं होतं. चार वाजता त्या गाडी न्यायला येणार होत्या. घड्याळात पावणेदोन झाले होते.

सुनेने पातेलं भिजत घातलं, बटणचं दार अर्धं लोटलं आणि ती शेडकडे वळली. बाबा तिच्याआधी पोचून फळकुटाच्या चाकगाडीवर उताणे झोपले होते. पाय बाहेर, बाकीचे गाडीखाली.

"मदत करू?"

"झोपली का बटण?"

"झोपली."

"मग तूही झोप की घटकाभर. रोज म्हणतेस, मिळत नाही."

"आज झोप नाही येत."

खोटं होतं. तिला उभ्या उभ्या झोप येत होती. पण ती घमेली सरकवायला बसली.

बाबांचं काम बघत राहावं असं. गाडी आधी दहा मिनिटं फिरवून आणलेली, म्हणजे तेल कोमट होऊन नीट वाहतं. मग त्यांचा पहिला नियम: तेल भरायचं बूच आधी उघडायचं, सोडायचं मागाहून. "खालचं उघडून सगळं सोडून दिलं आणि वरचं गंजून बसलेलं निघालंच नाही," ते खालून म्हणाले, "तर रिकामी गाडी घेऊन कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" दुसरा नियम: चार ठिकाणचं जुनं तेल चार वेगळ्या घमेल्यांत. मिसळायचं नाही. ते त्याला तेलांचे रिपोर्ट म्हणत. पुढच्या डिफरन्शियलमधून आलेलं तेल चहासारखं दुधाळ निघालं. पाणी शिरलं होतं. मागचं काळं, पण स्वच्छ. बुचाच्या टोकावरच्या लोहचुंबकाला करडा लगदा चिकटलेला. बाबांनी तो बोटांत चोळून बघितला. "पीठ आहे, कणी नाही. दात शाबूत."

मागचं आणि पुढचं, दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि मधली ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या चाकांकडे वळवणारी पेटी. चारी रिकामी झाली. ट्रान्सफर केसचं तेल पातळ आणि लालभडक, तिथे चुकायला वावच नाही. ते आधी भरून झालं.

राहिले दोन निळे डबे.

बाबा बाहेर आले. डावा डबा त्यांनी पुढे ओढला, झाकण फिरवून काढलं, तोंडाला नाक टेकवलं, डोळे मिटले आणि छातीभर श्वास घेतला.

"अस्सल!" ते म्हणाले. "हे डिफरन्शियलचं."

सुनेला हसू यावं की रडू, कळेना. वरचं झाकण निघालं होतं खरं, पण त्याखालचं प्लास्टिकचं बूच डब्याच्या तोंडात जिथल्या तिथे घट्ट बसलेलं होतं.

बाबांनी डोळे उघडले, बूच बघितलं, तिच्याकडे बघितलं. ती पटकन पत्र्याकडे बघू लागली, जणू तिथे काही फार महत्त्वाचं लिहिलंय. बाबांनी बूच काढलं, हातपंप लावला आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये तेल चढवायला घेतलं. फुस्स, फुस्स. भोकातून बारीक धार परत बाहेर यायला लागली, तेव्हा करंगळी घालून पातळी बघितली आणि बूच आवळलं.

सून बोटांची नखं एकमेकांत अडकवून उभी. बोलावं तर म्हाताऱ्याच्या तोंडावर त्याचं नाक काढून घेतल्यासारखं. न बोलावं तर उद्या पहाटे तो चढ, ती खोकी, त्या बाई. आणि कुठे आतले दात झिजून गाडी अडली की सगळ्यात आधी टायरवाल्याला फोन जाणार.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "मघाशी दूध करपलं होतं."

गाडीखाली पान्याचा आवाज थांबला.

"कोणतं दूध?"

"तेच. तुमच्या पाठीमागचं."

मग फळकुटाची चाकं कुरकुरली आणि बाबा आडवेच बाहेर आले. कपाळावर तेलाचा ठिपका. झोपल्या झोपल्या आभाळाला सांगावं तसं ते म्हणाले, "रोज सकाळी साबण हुंगून बघतो. डांबराच्या गोळ्या बघितल्या. काल बटणचे मोजे बघितले."

"मोजे?"

"त्याहून जबरी काही घरात नव्हतं." ते उठून बसले. "काही नाही गं. भिंत हुंगल्यासारखं. पण तू घाबरू नकोस, मी काही अंदाजाने नाही भरलं. डबे जागेवरून ओळखतो ना मी. डाव्या हाताला डिफरन्शियल, उजव्या हाताला गिअरबॉक्स. तीस वर्षं."

सुनेने वळून दोन्ही डब्यांकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही तापात होतात ना, तेव्हा मी शेड झाडली होती."

"हो, सांगितलंस की. छान झाडलीस."

"डबेही पुसले. एकेक करून. बाहेर उन्हात मांडले होते."

"आणि परत?"

"ठेवले ना. नीट."

"नीट म्हणजे?"

"रांगेत," सून अगदी बारीक आवाजात म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. आता रागावतील, असं तिला वाटलं. पण त्यांचे खांदे हलायला लागले, आणि बघते तर म्हातारा हसत होता. "तीस वर्षं चोराची भीती होती मला. झाडूची कुणी सांगितलीच नाही!"

"वेगळं काय असतं हो दोन्हीत? दिसायला तर मधासारखी आहेत दोन्ही."

"बोटालाही सारखीच." हसणं संपवून बाबा मिस्त्री झाले. "डिफरन्शियलचे दात एकमेकांवर घासत फिरतात, जबरदस्त दाबाखाली. त्यांच्या तेलात गंधक जास्त, तेच त्यांना वाचवतं. पण गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या असतात. तेच गंधक कड्यांना खातं. म्हणजे इकडचं तिकडे झालं तर दोन्हीकडे बोंब. आणि फरक ओळखायचा तो नाकाने."

"मग मला सांगा कसा असतो वास. माझं नाक आहे ना."

"वास काय सांगून कळतो? तीस वर्षं—"

"बाबा, पावणेतीन वाजलेत."

बाबांनी घड्याळाकडे बघितलं. मग त्यांनी जुन्या वहीचे दोन कागद फाडले, एकेका डब्यातले दोन थेंब एकेकावर टाकले आणि तिच्या हातात दिले.

"हं, बोल."

तिने पहिला हुंगला. "तेलाचा येतोय."

"वा! शाबास. मला वाटलं गुलाबाचा येईल."

"थांबा हो. ओल्या मोरीचा. बंद खोलीतल्या मोरीचा."

"आणि दुसरा?"

तिने दुसरा हुंगला आणि मान मागे घेतली. "हाही तसलाच. मोरीच. पण रागावलेली."

बाबा ताडकन उभे राहिले. "रागावलेली म्हणजे?"

"म्हणजे... काडी विझवल्यावर नाकात टोचतं ना, तसं काहीतरी मागून येतं. मोरीत कुणी काडी विझवली तर."

"तेच! तेच ते!" बाबांनी तिच्या हातातला कागद घेतला आणि सवयीने नाकाला लावला. मग हळूच खाली घेतला. "उजव्या डब्याचं ना हे?"

"उजव्या."

"म्हणजे मागे मी गिअरबॉक्सचं भरलं."

दोघेही मागच्या चाकाकडे बघत राहिले. सुनेला एकदम भीती वाटली. तिच्या एका हुंगण्यावर गाडी डोंगरावर जायची! "बाबा, मी काही नाकवाली नाही. मला दूध उतू गेलेलंही कधीकधी कळत नाही. चुकलं असलं तर?"

"चुकलंय का ते तपासू." बाबा इकडेतिकडे बघत राहिले, आणि त्यांची नजर घमेल्यांवर गेली. त्यांनी मांडीवर थाप मारली. "अगं, रिपोर्ट! जुन्या तेलाला माहिताय ते कुठून आलंय. गेल्या वर्षी माझ्याच नाकाने भरलंय मी ते. हं, आता फीर तिकडे तोंड करून. मी एकेक घमेलं नाकाखाली धरतो. तू फक्त राग सांगायचा."

ती भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभी राहिली. जुन्या तेलाचा जळका वास आधी आला, आणि मग त्याच्या आडून बाकीचं.

"हे रागावलेलं."

घमेलं गेलं, दुसरं आलं.

"हे नाही. हे नुसतं थकलंय."

"पुढे?"

"रागावलेलं. पण ओलं."

मग परत एक. तिने हुंगलं, पुन्हा हुंगलं, कपाळाला आठी घातली. "हे तर आत्ताचंच. थकलेलं. तुम्ही तेच परत आणलंत!"

"मिस्त्रीणबाईंना फसवायला निघालो होतो मी," बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, आणि तिने डोळे उघडले तेव्हा ते घमेल्याशी उकिडवे बसून आपला चष्मा शर्टाला पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते. पहिलं मागचं डिफरन्शियल होतं, दुसरं गिअरबॉक्स आणि तिसरं, ओलं, पुढचं. तिने एकही चुकवलं नव्हतं.

पुढचा तासभर दोघांनी श्वास घ्यायला उसंत घेतली नाही. मागचं तेल पुन्हा सोडलं. "हे आता उष्टं, कुठेच चालायचं नाही," बाबांनी ते बाजूला केलं. रागावलेलं थोडं आत घालून खंगाळून काढलं, मग पुरतं भरलं. मग पुढचं. मग गिअरबॉक्स, डाव्या डब्यातल्या शांत तेलाने. बुचांखालच्या तांब्याच्या चकत्या नव्या. प्रत्येक वेळी पंप लावायच्या आधी बाबा डबा तिच्यापुढे धरत आणि ती हुंगून "हं" म्हणे. तिसऱ्या "हं"ला तिच्या आवाजात किंचित तोरा आला, तेव्हा बाबा खालून म्हणाले, "हळू. माझीही सुरुवात अशीच झाली होती."

मध्येच फोन वाजला. तिच्या नवऱ्याचा. तिने तेलकट बोट टाळून कोपराने तो स्पीकरवर टाकला.

"झालं का काम? काही चुकलं नाही ना?"

सुनेने गाडीखाली बघितलं. बाबांचे पाय निपचित झाले होते.

"चुकलं होतं," ती म्हणाली. "माझ्यामुळे. आणि सापडलंही. बाबांमुळे."

"म्हणजे?"

"म्हणजे घरी आलास की सगळं सांगते, आणि ते सांगतील. पण टायरवाल्याला आजच सांगून टाक, शेड रिकामी नाही. तिथे दोघं काम करतात."

"दोघं? दुसरं कोण?"

"मी. आणि ऐक, येताना पांढऱ्या रंगाचा डबा आण. छोटा. डब्यांवर नावं घालायचीत."

"बाबा नावं घालू देणार?" त्याने विचारलं.

"सांग त्याला," गाडीखालून आवाज आला, "ब्रशही आण. बोटाने लिहू का?"

चार वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाई आल्या, गमबूट घालूनच. फाटकातूनच त्यांनी नेहमीचं विचारलं, "काय मिस्त्री, नाकाने पास केली का गाडी?"

सून फडक्याला हात पुसत राहिली. हे एक वाक्य बाबांना सहज गिळून टाकता आलं असतं. "केली" म्हटलं की झालं. तिनेही चकार शब्द काढला नसता.

"केली," बाबा म्हणाले, आणि घसा खाकरला. "पण खोटं कशाला बोलू. माझं नाक तापात गेलं, बाई. हे सुनेचं नाक आहे. आधी मी चूक केली, मग तिने पकडली. चारी ठिकाणचं तपासून भरलंय. तरीही तुम्हाला दुसरीकडे दाखवायची असेल तर—"

"सुनेचं?" डॉक्टरीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिच्या गालावर तेलाचा फराटा, खांद्यावर बटणचा वाळका शेंबूड, हातात फडकं. "मिस्त्री, माझ्याकडे एक कुत्रं येतं, त्याचंही असंच नाक गेलंय. ते घरातल्या दुसऱ्या कुत्र्याच्या मागे मागे फिरतं. मजेत आहे."

"ऐकलंस? कुत्र्यात काढलं मला," बाबा म्हणाले.

"आणि मला दुसऱ्या कुत्र्यात," सून म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसत गाडीत चढल्या. शेडमागे मातीचा उंच ढिगारा होता. त्यांनी दांडी ओढून चारही चाकं जोडली आणि गाडी त्याच्यावर घातली. तिघेही कान देऊन ऐकत होते. कुठे खरखर नाही, कुठे घरघर नाही. गिअर लोण्यातून सुरी जावी तसा पडला. गाडी वर गेली, घटकाभर टोकावर उभी राहिली आणि शहाण्यासारखी उतरून रस्त्याला लागली.

बाबांनी जाणाऱ्या गाडीकडे बघत लांब श्वास घेतला. धुराचा, धुळीचा, तापलेल्या रबराचा वास शेडभर पसरला होता. सुनेला सगळा येत होता. "सांगू का कसला कसला येतोय?" तिने विचारलं.

"सांग," बाबा म्हणाले.

ती सांगू लागली, आणि तेवढ्यात दारात बटण. एका गालावर उशीची घडी उमटलेली, एका पायात चप्पल. ती बहुधा बऱ्याच वेळापासून तिथे उभी होती. सरळ आजोबांपाशी जाऊन तिने त्यांचं नाक दोन बोटांत पकडलं आणि आतून, खालून, दोन्ही बाजूंनी नीट तपासलं.

"हे बंद पडलंय?"

"पडलंय बुवा," आजोबा नाकातून म्हणाले.

"दिवसभर?"

"दिवसभर."

बटणने नाक सोडलं. थोडा वेळ विचार केला. मग आईकडे वळून, तिची तेलकट बाही ओढत तिने विचारलं,

"आई, मग आजोबांना स्वप्नात वास येतो का गं?"